न ओतलेली बाटली

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सूर्यमाळ

सुटले बाई एकदाची!

कॉलेजच्या प्रयोगासाठी डहाणूच्या खाडीतलं पाणी बाटलीत भरून सुट्टीला घरी आले, तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता. त्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना मी अमोनियम आणि नायट्रेट, दोन्ही रूपांतला नायट्रोजन दिला होता. रोज पाणी तपासायच्या किटने नायट्रेट मोजत होते, पण ते काही कमी होईना. माझंच चुकलं असणार, दुसरं काय! परवा चिडून बाटली ओतायलाच निघाले, तर आईने हात धरला. "पानी वततेस? टँकर येऊन आठ दिस झालं. खारं असलं तरी भांडी घासाया होल." बाटली खिडकीतच राहिली.

आज सहज दोन्ही मोजून पाहिली. अमोनियम पार संपलंय आणि नायट्रेट निम्म्यावर! म्हणजे त्या वनस्पतींनी आधी सोपं ते, अमोनियम, खाऊन घेतलं. नायट्रेट पचवायला कष्ट जास्त, म्हणून ते मागे ठेवलं. हे पुस्तकात वाचलेलं असूनही मला सुचू नये? बाटली ओतली असती तर?

सरांना फोन केला. खूश झाले. "बाटली ठेवून द्यायचं कसं सुचलं तुला?"

म्हटलं, "सर, आमच्या सूर्यमाळला पाणी कुणी ओतू देत नाही."