मातीवरचा ठसा

ट्युनिशिया, मंगळवार

प्रिय पप्पा,

तुम्हा दोघांना ख्रिस्तात सलाम. मी बरी आहे, जेवणही रुचतंय. खांद्याला पट्टी बांधते ती फक्त खबरदारी म्हणून. आईला सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत? तिसगावच्या मैदानावर मुली अजून येतात ना तुमच्याकडे शिकायला?

आज मला टेनिसच्या जागतिक क्रमवारीतला पहिला पॉइंट मिळाला! पण कसा, ते ऐका. समोर छत्तीस वर्षांची बल्गेरियाची इव्हा होती. मॅच पॉइंटला माझा फटका रेषेजवळ पडला आणि पंच म्हणाले, “बाहेर.” इव्हानं वाकून लाल मातीतला चेंडूचा ठसा पाहिला, बुटानं पुसला आणि म्हणाली, “आत होता.” मी जिंकले.

नंतर कळलं, आज हरली तर ती टेनिस सोडणार होती. मी विचारलं, “मग गप्प का नाही राहिलीस?”

ती म्हणाली, “मला ठसा दिसला होता ना.”

बस, एवढंच! पप्पा, तिच्या जागी मी असते तर बोलले असते का? मला खेळायला तुम्ही शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते. माझं मन राखायला “व्हय” म्हणू नका. खरं वाटेल तेच कळवा.

तुमची लेक,
दीना