काळीनं कोकरू जवळ केलं

चि. आशेर,
प्रभूची शांती तुझ्या खोलीत नांदो.

आज सकाळी आपल्या काळ्या मेंढीनं पोरकं कोकरू जवळ केलं. तिचं स्वतःचं मेल्यापासून ती याला लाथाच मारत होती. तुझी आई गेल्यावर मी जिच्याशी लग्न केलं म्हणून तू घर सोडलंस, ती प्रेमला रोज कोकराच्या पाठीला मीठ चोळायची, म्हणजे मेंढी निदान चाटेल. मी मेंढीची मान धरून उभा राहायचो. शेजारचा सदू म्हणायचा, "याकोबदादा, सोडा नाद. दुसरीचं पोर ती घ्यायची नाय."

आज मान न धरताच ती उभी राहिली आणि कोकरू पोटभर प्यायलं. मला तर कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय.

धीर धरायचा म्हणजे प्रार्थना करून गप्प वाट बघायची, असं मी समजत होतो. धीर तर रोज पुन्हा गोठ्यात जाण्यात असतो.

एवढं लिहिलं, तोच प्रेमला म्हणाली, "मेंढीला काय पत्र पाठवलं होतंत?"

म्हणून हे टपालात टाकत नाही, तुझ्या हातातच देईन. उद्या आम्ही दोघं एसटीनं लोट्याला येतो. कारखान्यातली तुझी पाळी सुटेल तेव्हा गेटपाशी असू. बोलला नाहीस, तर रविवारची प्रार्थना आटोपून पुन्हा येऊ.

तुझी वाट न बघता निघालेला,
बाबा