आवाजाशिवाय उतरलेलं विमान

माय, काल लेकीचा फोन आला. उद्या ती पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर जाणार आणि एकटीच उतरवणार. म्हणाली, "आई, इंजिन बंद पडलं असं धरून उतरायचा सरावही झाला आता." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन उभी राहिले. तुझी फार आठवण आली.

आलापल्लीच्या रस्त्याला, सागाच्या जंगलात, कारखान्याच्या धावपट्टीला लागून आपलं क्वार्टर होतं. बाबा तिथले चौकीदार. मालकांचं छोटं विमान कधीमधी यायचं. एरवी ती डांबरी पट्टी ऊन खात पडलेली असायची. मोहाच्या दिवसांत शेजारच्या गोंड वस्तीतल्या बाया वेचलेली फुलं तिच्यावर वाळवायच्या. तूच त्यांना म्हणाली होतीस, अंगणात माती लागते, इथी वाळवा. विमानाची अडचण नव्हती. ते आधी गेस्ट हाऊसवरून एक फेरी मारायचं. घरघर ऐकू आली की बाया हसत-भांडत फुलं टोपल्यांत भरायच्या आणि विमान वळून येईपर्यंत बाजूला व्हायच्या. बाबाही म्हणत, "आवाज आला का उठा, बस."

त्या दिवशी आवाज आलाच नाही. बाबा पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गुरं हाकायला गेले आहेत. मी शाळकरी, फुलं खालीवर करते आहे. तू अचानक हातातली टोपली ठेवतेस आणि सागाच्या शेंड्यांकडे बघतेस. तिथे विमान आहे, फार खाली, आणि त्याचा पुढचा पंखा फिरत नाही.

"उठा वं! विमान आलं!"

"काऊन मजाक करतं बाई? आवाज कुठी आहे?"

"इंजिन मेलं त्याचं! मोह राहू द्या, पळा!"

सगळ्या पळाल्या. एक म्हातारी तेवढी बसून ओंजळीनं फुलं भरत राहिली. "माहा मोह, माहा मोह," एवढंच म्हणत होती. तू उलटी धावलीस, विमानाच्या दिशेनं. तिच्या टोपलीला लाथ मारलीस, तिला बगलेत धरून ओढलंस आणि दोघी कडेच्या गवतात पडलात. मग नुसता वारा कापल्यासारखा आवाज, चाकांची किंकाळी, आणि विमान फुलांवरून घसरत पलीकडच्या धानाच्या बांधीत जाऊन कललं.

वैमानिक आपल्या पायांनी बाहेर आला. कपाळाला रक्त. धुऱ्यावर, शेताच्या कडेला बसून म्हणाला, "इंजन दूर ही बंद हो गया, चक्कर कहाँ से लगाता?" मग चाकांना चिकटलेली फुलं बघून हसला, "चलो, बिना पिए महुआ चढ़ गया." म्हातारी मात्र तुला शिव्या देत होती. टोपली फुटली होती ना तिची.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे साहेब आले. पट्टीवर मोह वाळवायची परवानगी कोणी दिली, असं विचारलं. बाबांनी मान खाली घातली. बाया एकमेकींच्या मागे सरकल्या. तू पदर खोचून पुढे झालीस. "मी देल्ली. त्यायले काही म्हणू नका." क्वार्टर गेलं. सामान बैलगाडीत भरताना बाबा पुटपुटले, "चूप राहिली असती तं?" तू म्हणालीस, "तं त्या बायायवर आलं असतं." पुढे चामोर्शीकडे लोकांच्या बांध्यांत तू धानाची रोवणी केलीस, पण त्या उत्तराबद्दल कधी हळहळली नाहीस.

लेक ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. तिच्यासाठी तू कशालाच न भिणारी आजी आहेस. उद्या ती परतेल तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी असेन. डोळे मिटणार नाही, मान वळवणार नाही. चाकं टेकून विमान थांबेपर्यंत बघणार आहे.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. विमान तसं उतरलं त्या संध्याकाळी तू परात पुढे ओढलीस, पिठात दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसलेस आणि मळतच राहिलीस. बाबा म्हणाले, "किती मळशील वं?" तू म्हणालीस, "पीठ जाड आहे."

या कागदाला जागोजागी कणीक लागली आहे. तो कुठे पाठवायचा नाहीच. सकाळपासून मीही मळतेच आहे. पीठ जाड नव्हतं, माय. तुझे हात मी पाहिले होते.