कुसळाची पेरणी

आप्पा, आपला माळ वाचला. काल ग्रामसभेत ठराव झाला : माळावर खड्डे घ्यायचे नाहीत, झाडं ओढ्याकाठी लावायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

महसूल खात्याच्या लेखी तो माळ पडीक, म्हणून झाडांचे खड्डे घ्यायला जेसीबी ठरला होता. मी उठलो. भूगर्भशास्त्रापासून सुरुवात केली : वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण; रोपं उन्हाळा काढणार नाहीत. मग प्राणिशास्त्र : चंडोल तिथं जमिनीवरच घरटं करतो, गवत गेलं की तोही गेला. मागून आवाज आला, "जळक्या मोटारींची वायंडिंग भरता भरता प्रोफेसर कवा झालास रं?" हशा पिकला. सरपंचांनी घड्याळ पाहिलं.

मग मी खिशातून कुसळ काढलं. तुमच्या लेखी कुसळ म्हणजे मेंढराची जखम. कुसळी गवत पिकलं की तुम्ही कळप माळावरून ओढ्याकडे वळवायचात, तरी एखाद्या कोकराच्या ओठात ते रुतायचंच. अजून आठवतं : मी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचतोय आणि तुम्ही नखानं कुसळ उपटत म्हणताय, "गवताला विलायती नाव ठिवलं म्हंजी मेंढरू जास्त खातं व्हय? धर त्याला आधी!"

काल ते कुसळ तळहातावर ठेवलं, वर पाण्याचे थेंब सोडले. ते स्वतःभोवती फिरायला लागलं. पुढची रांग उठून जवळ आली. भौतिकशास्त्राला यात ओलाव्यानं सुटणारा पीळ दिसतो. वनस्पतिशास्त्राला पेरणी दिसते, कारण त्याच पिळानं बी जमिनीत घुसतं.

"म्हंजी माळ आपला आपणच पेरतो?" चुलते म्हणाले.

"व्हय नाना. आन् आपण निघालोय ती पेरणी उकरायला."

नाना सरपंचांकडे वळले. "मग जेसीबी कशाला? मेंढरं काय तुमच्या हापिसात चारायची?"

सगळे हात वर गेले. एकही विरोधात नाही! माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

उठताना सरपंचांनी विचारलं, "हे सगळं कुठं शिकलात?" या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर आहे : दहावीला शाळा सुटली, पुढचं माझं मी शिकलो. ते मी कुणालाही ठणकावून सांगतो. काल तोंडून निघालं, "घरी."

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर 'घरी' हा शब्द मी बहुतेक खोडला असता.