मांडीवरचं तिकीट

अक्का,

समुद्र तुला ठाऊक नव्हता, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. तू पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे कारंजाचं धरण, तेही बसच्या खिडकीतून, आणि त्यावर तुझं म्हणणं एवढंच होतं की इतकं पाणी असून अलीकडच्या गावात बायका घागरी घेऊन कामून फिरायल्यात. समुद्र त्याहून पुष्कळ मोठा असतो आणि त्यातलं घोटभरही पिता येत नाही. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते लिहीत नाही, पत्राची भाषा बिघडेल. मीही तो अजून पाहिलेला नाही. संस्कृतच्या मास्तराला समुद्राचे दहावीस शब्द पाठ असतात, अर्णव म्हणा, जलधी म्हणा, रत्नाकर म्हणा. त्याचा वास कसा येतो एवढंच माहीत नसतं.

पुढच्या आठवड्यात तो बघायला आम्ही अंदमानला निघालोय. आम्ही म्हणजे मी, बायको, सून आणि नातू. मी सोडून यांतलं तू कोणालाच पाहिलं नाहीस, माझं लग्न ठरायच्या आधीच तू गेलीस. नातू सव्वा वर्षाचा आहे. भिंत धरून चालतो, भिंत संपली की बसतो आणि मागं वळून भिंतीकडं रागानं बघतो. मुलगा येणार नाही. तो गेल्या वर्षी गेला, हुमनाबादकडून येताना, रस्त्यावर. लेकरू तेव्हा पाळण्यात होतं. यापुढं मला लिहिता येत नाही, आणि तुला लिहून सांगायची गरजही नाही. माझ्या वडिलांचा असाच निरोप तुझ्या दारात आला होता, तेव्हा पाळण्यात मी होतो.

त्यानंतर काय होतं ते मला तोंडपाठ आहे, कारण ते माझ्यावरच झालं. आपल्या लिंगायतांत विधवेचं लग्न लावून देतात, उडकी म्हणतात त्याला, आणि आपल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. मी स्वतः सभेत उभं राहून त्यावर बोललोय, टाळ्याही मिळाल्यात. सभेत एक गोष्ट मात्र कोणी काढत नाही. सून दुसऱ्या घरी जाते आणि लेकरू पहिल्या घरात राहतं. ज्याचं नाव त्याचं लेकरू. तुला मुडबीला दिलं आणि मला जनवाड्यात ठेवून घेतलं. आजी-आजोबांना एकच मुलगा होता, त्याच्या जागी मी उरलो होतो. तू जत्रेला यायचीस तेव्हा घरातले सगळे तुला अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणायला शिकलो. अव्वा, म्हणजे आई, मी आजीला म्हणायचो. तू ते कधी दुरुस्त केलं नाहीस.

सुनेसाठी स्थळ मीच बघितलं. वय लहान आहे तिचं, आमच्या दोघांच्या औषधाच्या गोळ्या मोजत बसण्यासाठी तिला कोणी जन्माला घातलं नव्हतं. माणूस कलबुर्गीकडच्या करजगीचा, तिथंच खत-बियाणांचं दुकान आहे, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. घरी आला तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधी म्हणाला, "लेकरू संगं येऊ द्या. न्हाई पाठवलं तरी मी मागं हटत न्हाई, पर येऊ द्या." मला माणूस आवडला, आणि त्याच क्षणी नकोसाही झाला. तो गेल्यावर बायको म्हणाली, आपल्यात ठेवूनच घेतेत लेकरू, मी काय नवीन सांगायले का. सून स्वयंपाकघरात होती, तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मी दोघींच्याही बाजूनं मान हलवत राहिलो. ती माझ्या विद्येची खोड आहे, पूर्वपक्ष सविस्तर मांडायचा आणि उत्तरपक्ष उद्यावर ढकलायचा. असे पुष्कळ उद्या गेले.

मग एकदा भाकरी वाढताना सून म्हणाली, "याला एकदा समुद्र दाखवू, मामा. त्यांनी म्हटलं होतं. समदे मिळून जाऊ, निवांत." तिला दिवस गेले होते तेव्हा ती आणि माझा मुलगा संध्याकाळी फोनवर बेटांचे फोटो बघत बसायची, हे मला आठवलं. या दुसऱ्या लग्नाआधी तिनं मागितलं ते एवढंच.

तेव्हापासून घरात बेट सोडून दुसरा विषय नाही. बेटाला द्वीप म्हणतात ते दोन्हीकडं पाणी असतं म्हणून, असं मी जेवताना सांगितलं, तर बायको म्हणाली, पाणी असू द्या, तिथं ज्वारीचं पीठ मिळतंय का ते सांगा. भाकरीशिवाय कुठं माणसं राहत असतील यावर तिचा विश्वास नाही. तिची दुसरी काळजी अशी की लेकराच्या गळ्यातलं इष्टलिंग विमानतळावर काढायला लावतील. मी म्हटलं, लावणार नाहीत, आणि लावलं तर मी शास्त्रार्थ करीन. ती म्हणाली, मग विमान सुटलंच म्हणायचं. सुनेनं सगळं बारकाईनं ठरवलंय. चार बेटं नाहीत, एकच. विमान दुपारचं, म्हणजे लेकराची झोप मोडणार नाही. खोली तळमजल्यावर आणि दारासमोर वाळू, म्हणजे तो रांगत जाईल, चालत जाईल, जसं जमेल तसं जाईल. सकाळी ऊन चढायच्या आत थोडा वेळ पाणी, मग आंघोळ, मऊ खिचडी, झोप. संध्याकाळी परत तेच पाणी. बघायची ठिकाणं एकही नाही. बिदरमध्ये ज्याच्याकडं आम्ही चौकशी केली तो टूरवाला चाचा हे ऐकून दुःखी झाला. रोज दोन-दोन ठिकाणं दाखवायचा त्याचा धंदा. "आराम से जाना बोले तो घर में बैठो साब," तो म्हणाला, "टूर में फिरनाइच पडता."

हे चालू असताना मला सारखी मुडबीची आठवण येत होती. पाठशाळेला सुट्टी लागली की आजोबा मला एक दिवस तुझ्याकडं सोडायचे. मी आलो की तू पाट मांडायचीस, तांब्या ठेवायचीस, ताटाभोवतीची जागा पदरानं पुसायचीस. तुझी मुडबीची दोन पोरं चुलीपाशी जमिनीवर बसून जेवायची आणि तुझे रपाटे खायची. भात सांडला, रपाटा. पाण्याला हात लावला, रपाटा. मी काहीही केलं तरी तू हसायचीस आणि आणखी तूप वाढायचीस. पाहुण्याला कोण रागावतं? माझं जेवण झालं की तू ताट उचलून न्यायचीस आणि मी रिकाम्या पाटावर बसून त्या दोघांचा हेवा करायचो. तुझी पोरं मात्र माझ्या तुपाचा हेवा करत होती, हे मला फार पुढं त्यांनीच सांगितलं.

मग ती सुट्टी आली. डोक्यात नवंनवं व्याकरण भरलेलं होतं. तू दिवा लावून हात जोडून काहीतरी पुटपुटत होतीस आणि मी जेवता जेवता तुझा उच्चार सुधारला. एकदा नव्हे, दोनदा. तू वळून बघितलंस. चुलीच्या धुरानं डोळे लाल झालेले. म्हणालीस, "लई शाना झालास. ताट कोण उचलंल मग? ऊठ, ताट उचल." पोरं खुसखुसली. मी ताट उचललं. मोरीपर्यंत चार पावलं असतील, ती मी कशी चाललो ते मला अजून आठवतं, अंगात आल्यासारखा. त्या दिवसापासून आजवर मी माझं ताट कोणाला उचलू दिलेलं नाही. बायको म्हणते पाठशाळेची शिस्त. सून सुरुवातीला "ठेवा मामा, मी घेते" म्हणून मागं लागायची, आता लागत नाही.

तू गेलीस त्याच्या दहाव्याला काका, तुझे मुडबीचे यजमान, माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना मी कधी अप्पा म्हटलं नाही, त्यांनीही कधी अपेक्षा केली नाही, आमचं तसं बरं होतं. ते म्हणाले, तिला न्यायला आम्ही जनवाड्याला आलो तेव्हा बसमध्ये बसेपर्यंत तू तिच्या मांडीवर होतास. आजी खिडकीशी आली, चिमण्या दाखवते म्हणाली, तुला उचललं आणि कडुनिंबाच्या मागं गेली. बस सुटली. हे सगळं सांगून काका बराच वेळ विडी हातात फिरवत राहिले, मग म्हणाले, "मांडी मोडली न्हाई रे तिनं. मुडबी येईस्तोवर तशीच बसली, हात तसेच ठिवून." मी तेव्हा आजीवर फार चिडलो होतो. आजी तोवर राहिली नव्हती, त्यामुळं चिडणं सोपं होतं. आता चिडता येत नाही. संध्याकाळी नातू माझा चष्मा ओढतो तेव्हा ती कडुनिंबाच्या मागं का गेली असेल, ते मला तुझ्याहून जास्त कळतं. हे तुला लिहिताना लाज वाटते, पण कळतं.

परवा तिकिटं काढायला आम्ही सगळेच भालकीहून बिदरला गेलो. लेकरू बायकोच्या मांडीवर झोपलेलं. चाचानं माझं नाव घातलं, बायकोचं घातलं, सुनेचं घातलं. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला विमानात वेगळी जागा नसते, ते कोणाच्या तरी मांडीवर बसतं आणि कोणाच्या ते तिकिटातच लिहावं लागतं. हे मला माहीत नव्हतं. चाचानं चष्मा वर केला आणि विचारलं, "बच्चे कू किसकी गोद में लिखूँ?"

बायको म्हणाली, "माझ्या."

तिनं ते भांडायला म्हटलं नव्हतं. लेकरू तिच्या मांडीवर होतंच की. सून भिंतीवरच्या बेटाच्या चित्राकडं बघत होती. तिचे हात तिच्या मांडीवर होते, उताणे, एकावर एक, जसे कोणी काहीतरी ठेवील म्हणून असतात तसे. मी त्या हातांकडं बघितलं आणि मला ती बस दिसली. जी मी पाहिलेली असून मला आठवत नाही, ती.

मी म्हणालो, "तिच्या नावावर लिवा. आई हाय ती."

"आन् मी?" बायको म्हणाली.

"आपुन बाजूला बसू."

ती थोडा वेळ लेकराच्या टाळूवरचे केस नीट करत राहिली. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "आन् येताना?"

"येताना बी."

चाचा शहाणा माणूस, त्यानं कीबोर्डवरचे हात मांडीवर घेऊन खाली बघितलं आणि आमचं होईपर्यंत वर बघितलं नाही. परत येताना गाडीत मी पुढं बसलो होतो, मागं कोणी रडत होतं की नाही ते मी वळून बघितलं नाही.

दोन दिवस बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिनं लेकराचे सगळे कपडे आधीच आपल्या बॅगेत भरून ठेवले होते. आज सकाळी बघतो तर ती जमिनीवर बसून ते एकेक काढतेय, हातानं सारखे करतेय आणि सुनेच्या बॅगेत ठेवतेय. झबली, दुपटी, नाचणीच्या पिठाचा डबा. सून शेजारी बसून घ्यायली होती. दोघी काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, पण एकदा दोघी हसल्या. एक टोपरं मात्र बायकोच्या बॅगेच्या कोपऱ्यात राहिलं. ते चुकून राहिलेलं नाही. मी बघितलं आणि पेपर वाचत राहिलो.

लग्न परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी आहे. करजगी लांब आहे, भीमेच्या काठावर, पण बस जाते. मी जाईन तेव्हा तिथं मला पाहुणा म्हणून पाट मांडतील की काय, एवढीच भीती आहे. तसं झालंच तर मी चुलीपाशी जाऊन बसेन.

सगळ्यांना मी सांगत सुटलोय की लेकरू लहान आहे, म्हणून एकच बेट, म्हणून हळूहळू, म्हणून दिवस मोकळे. लेकराचं काय, ते कुठल्याही वेगात झोपतं. हळू मला जायचंय.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला सुचत नाही. मुडबीला टाकलं तर तुझी पोरं फोडतील, आणि एवढं वाचून झाल्यावर ती मला तुपावरून चिडवतील. घडी करून खिशात ठेवतो. तिकडं पाण्यात भिजलं तर भिजलं.

एक राहिलं. त्या दिवशी मोरीत नेलेलं ताट मी धुतलं नाही. तसंच खरकटं ठेवून आलो, मुद्दाम, तू अजून एकदा रागावशील म्हणून. दाराआड उभा राहून वाट बघितली. तू आलीस, ताटाकडं बघितलंस, आणि काही न बोलता घासून टाकलंस.