पीतांबराचा अधिक महिना

१७ मे, रविवार
आज पहाटे पाचला उठलो. विहिरीच्या गार पाण्याने अंघोळ केली, निरांजन लावलं आणि बाळकृष्णासमोर हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. अधिक महिना लागला. महिनाभर मासळी या घरात येणार नाही.
सौ. ऋजुता मागे उभी होती. तिने विचारलं, सुकट धरून का? म्हटलं, सुकट धरून. कांदा-लसूणसुद्धा. ती म्हणाली, बरं.
तिच्या 'बरं'मध्ये मागचा अधिक होता. तेव्हा नवव्या दिवशी सुकटीच्या चटणीने घात केला. तीन वर्षं त्याचा विचार करतोय. चूक जिभेची नव्हती, डोळ्यांची होती. आपण जीभ बांधून ठेवतो आणि डोळे बाजारात मोकळे सोडतो. डोळ्यांना मासा लागतोच. मग तो घरी, काचेत, जिवंत असावा. रोज ज्याचं दर्शन घेतो त्याच्या जातीला माणूस कालवणात कसा घालेल?
उद्या रजा टाकतो.

१८ मे, सोमवार. रात्री ९
मासा आणला.
साळवी स्टॉपला अजिंक्यच्या शोभेच्या माशांच्या दुकानात आधी गोड्या पाण्यातले सोनेरी मासे पाहिले. मन भरेना. रत्नागिरीच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा हा मासा वाटत नाही. एका गिऱ्हाइकाची बदली झाली म्हणून खाऱ्या पाण्याची चालू टाकी, पाणी-दगडांसकट, परत आली होती. तीच घेतली. पाणी बदलायचं तर समुद्राचं आणू नका, हे पाकिटातलं मीठ घाला, असं अजिंक्यने बजावलं. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. असो.
मासा हळदीसारखा पिवळा, चपटा, डोळ्यावरून काळा पट्टा. नाव ठेवलं पीतांबर. अजिंक्य म्हणाला, काका, हा जरा हट्टी असतो, लवकर खायला लागत नाही. मी म्हटलं, माझ्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलेलं नाही.
टाकी देवघरासमोर ठेवली. ऋजुता म्हणाली, महिनाभर मासळी घरात येणार नाही म्हणालात, ती दुसऱ्याच दिवशी आली. मी समजावलं की संकल्पातली मासळी ती वेगळी. ती म्हणाली, बरं.

१९ मे
गोळ्यांचं खाणं घातलं. पाहिलंही नाही. प्रवासाचा शीण. साळवी स्टॉपपासून रिक्षात आलाय.

२० मे
नैवेद्याच्या भाताची चार शितं तूप लावून घातली. घरात जो आला त्याला आधी प्रसाद.
दुपारी पाणी पेजेसारखं झालं. अजिंक्यला फोन केला. तो म्हणाला, काका, आधी भात काढा, बाकीचं मग बोलू. संध्याकाळ चहाच्या गाळणीने शितं वेचण्यात गेली. ऋजुताने दुसरी गाळणी घ्यायला लावली. पहिली आता टाकीची.
संकल्प: उतावीळपणे काही करायचं नाही.

२१ मे
दुकानात गेलो. अजिंक्य म्हणाला, कोलंबी बारीक चिरून घाला. नाहीतर गोळ्या लसणाच्या रसात भिजवा, वासाने तोंड लावतात. दोन्ही गोष्टी नेमक्या संकल्पातल्या! म्हटलं, सात्त्विक काही नाही का? तो म्हणाला, काका, तो मासा आहे.
तरण्या पोरांना सबुरी नाही. समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद मिळाला, तो आणला. सात्त्विक आणि समुद्री, दोन्ही.

२२ मे
कागदाला शिवला नाही. वाफवलेला वाटाणा सोलून घातला, त्यालाही नाही.

२२ मे, संध्याकाळ
उलगडा झाला!
आरतीच्या वेळी सहज वळून पाहिलं, तर पीतांबर काचेला तोंड लावून देवघराकडे बघत निश्चल उभा. सगळं ध्यानात आलं. याने अधिक धरलाय. मी शितं आणि वाटाणे घालून एका जिवाच्या व्रतात विघ्न आणत होतो. टाकीसमोर हात जोडले.
ऋजुता म्हणाली, निरांजनाचा उजेड काचेवर पडतो, तो बघतोय. शिकलेल्या माणसांचं असं होतं. मी गावच्या शाळेत शिकलो. तिथे गुरुजी म्हणायचे, दिसतं ते आधी मान्य करा.

२३ मे
ऑफिसात सांगितलं. सगळे ऐकत होते. निलेश तेवढा म्हणाला, भाऊ, पारणं कधी आहे त्याचं? आम्ही येतो. दुर्लक्ष केलं.

२५ मे
पारायणाचा एक अध्याय टाकीजवळ बसून मोठ्याने वाचला. पीतांबर दगडामागे गेला. एकांतात श्रवण करत असावा.
जावयाच्या वाणासाठी ऋजुता अनारसे करत्येय, तेहेतीस. मी चाखून पाहिले. गोड बरोबर आहे की नाही ते एका अनारशात कळत नाही.
वजन केलं. आठ दिवसांच्या व्रताने दीड किलो वाढलो. म्हणजे व्रताने शरीर झिजतं हा गैरसमज आहे.
पीतांबराचं मात्र पोट आत गेलंय. वरून बघितला तर सुरीच्या पात्यासारखा दिसतो. ऋजुता आज काही म्हणाली नाही. 'बरं'सुद्धा नाही.

२६ मे
नाक्यावर हौसाबाई मासळीची पाटी घेऊन बसते. गेले नऊ दिवस मी पलीकडच्या फुटपाथने जातो. आज तिने रस्ता ओलांडून हाक मारली. काय हो भाऊ, माझ्याकडे पाठ करून चालताव, मी काय पैसं मागत्येय? म्हटलं, अधिक आहे. ती म्हणाली, ता ठाव हाय, मागच्या अधिकात सुकट माझ्याकडचीच नेलीत.
विषय बदलायला पीतांबराचं सांगितलं. तर ती पाटी शेजारणीवर सोपवून सरळ घरी आली. टाकीसमोर उकिडवी बसली. नाकाची नथ काचेला लागेपर्यंत वाकून बघितलं. मग म्हणाली, ह्याचा तोंड बघा, भाऊ. चोच हाय ती. ह्यो दगडातला टोचून खाणारा. शिंपल्यातली एक तिसरी उघडून दगडाला टेकवून ठेवा, आपसूक येल.
मी तिला व्रताचं सांगितलं. देवघराकडे तोंड करून उभा राहतो तेही सांगितलं.
ती हसली नाही, याचंच वाईट वाटलं. पदराने हात पुसत म्हणाली, उपास माणसानं करायचा, भाऊ. ह्याला कोणी इचारला?
ती गेल्यावर ऋजुताने काचेवरचा नथीचा डाग पुसला.
हौसाबाईचा अनुभव बाजारातला. व्रताचा नाही. तरी विचार करतो.

२७ मे, बुधवार. एकादशी
खिचडीचा साबुदाणा भिजवायचा राहिला. ऋजुता लेकीकडे वाण द्यायला गेलेली. अनारसे तिच्याबरोबर गेले. म्हटलं, होऊन जाऊ दे निरंकार.
११ वाजता: मन अत्यंत प्रसन्न.
१ वाजता: प्रसन्न.
३ वाजता: डोकं दुखतंय. शेजारच्या घरातून फोडणीचा वास. कसली आहे ते ओळखलं, लिहीत नाही.
५ वाजता: टाकीसमोर जमिनीवर बसलोय. पीतांबर तळाशी दगडाला टेकून कलंडल्यासारखा. कल्ले भरभर हलतात. आरती केली, तर देवघराकडे वळला नाही. माझ्याकडे बघत होता. मला सात वाजता ऋजुता येऊन दूध-केळं देणार हे ठाऊक आहे. त्याला काय ठाऊक आहे?
आज नववा दिवस त्याचा. माझा हा पहिलाच.

२८ मे, गुरुवार
सकाळी सहालाच नाक्यावर. म्हटलं, हौसाबाई, एक तिसरी द्या. ती म्हणाली, एक? देवाला दाखवायला? वाट्याशिवाय देत नाय. वाटा घेतला. वर तिने दोन घातल्या, म्हणाली, ह्या त्या पोराच्या.
पिशवीत वर जास्वंदी घालून घरी आणल्या. ऋजुताने फुलांसाठी हात पुढे केला आणि वास येताच मागे घेतला.
नारळाच्या सुरीने एक उघडली, दगडाला टेकवली. अर्धा तास काही नाही. मग पीतांबर हलला. एक टोच. मागे सरला. पुन्हा एक टोच. मग नऊ दिवसांची भूक एकदम आठवावी तसा बकाबका खाऊ लागला. शिंपला आरशासारखा लख्ख केला.
ऋजुता माझ्या मागे उभी होती. नाक ओढल्याचा आवाज आला. तिचं असावं.

२८ मे, दुपार
उरलेल्या मोजल्या. बत्तीस. ती एक धरून तेहेतीस! अधिकाचाच आकडा. हा योगायोग नव्हे.
अजिंक्य फोनवर म्हणाला, काका, रोज एक घाला, बाकीच्या फ्रीजरला टाका. फ्रीजर आमरसाच्या डब्यांनी भरलाय. दहा कशाबशा बसल्या. डबा काढायची गोष्ट काढली, तर ऋजुताने नुसतं बघितलं.
राहिल्या बावीस. निश्चय: उद्या पहाटे भाट्याच्या खाडीत नेऊन सोडायच्या. बावीस जिवांना जीवदान. अधिकात याहून मोठं दान कोणतं? रात्रीपुरत्या खाऱ्या पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या आहेत. एक-दोघींनी तोंडं उघडून पाणी उडवलं. ताज्या आहेत.
हे केवळ निरीक्षण.

२९ मे, शुक्रवार
पहाटे पाचला उठलो. अंघोळ केली. पातेलं घेऊन फाटकापर्यंत गेलो. रिक्षा नव्हती. एक आली, ती मीच थांबवली नाही.
परत आलो, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि देवघरात गेलो. बाळकृष्णाला सांगितलं की विचारायला आलेलो नाही, सांगायला आलोय. मागच्या खेपेला आठ दिवस निभावलं होतं, या खेपेला बारा. त्या पोराला नऊ दिवस माझ्या पुण्यासाठी उपाशी ठेवला, ते वेगळं धर.
ऋजुताला सांगितलं. ती म्हणाली, कांदा मी चिरत नाही, नेम अजून माझा आहे. भांडं वेगळं घ्या.
कांदा मी चिरला. लसूण मी ठेचली. खोबरं, कोकमं, थोडी मिरची. बावीसच्या बावीस तिसऱ्यांचं सुकं केलं.
ताट घेऊन टाकीकडे पाठ करून बसलो. दोन घासांत तीनदा मागे वळून पाहिलं. मग उठलो, ताट घेऊन टाकीसमोर जमिनीवर बसलो. एक तिसरी फ्रीजरमधून काढून ठेवली होती, ती आधी त्याला दिली. तो टोचायला लागल्यावर मी जेवलो.