कडीची फळी

३ फेब्रुवारी १९४१, अमरावती

सुतारानं फळी आणून दिली. एकदम फर्स्ट क्लास! मद्रासला बालशिक्षणाच्या कोर्समध्ये पोरांनी लावा-काढायला बटणांच्या, फितींच्या, बकलांच्या फ्रेमा होत्या. इथल्या पोरांच्या अंगात नाडीचं झबलं, बकल कुठून आणू? म्हणून माझी आयडिया: एका फळीवर घरातल्याच कड्या. खालून खिटी, मग अडसर, मग कडी-कोयंडा, आणि सगळ्यात वर साखळीची कडी, जुन्या दाराच्या चौकटीला असते तशी.

सुतार म्हणे, "लहान्या पोट्ट्यायले चोऱ्या शिकोता काय बाई?" खूप हसले.

बालमंदिराची खोली तुळशीरामजींची. आधी संत्र्यांचं गोदाम होतं, अजून वास येतो. भाडं घेत नाहीत. एवढंच म्हणाले, "आमच्या यमीले पयले घ्या." राजापेठेच्या या टोकाला त्यांची भाजीची वाडी, मधोमध विहीर, पलीकडे घर. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. मोटेचं चाक सकाळपासून कुरकुरतं. शांततेचा खेळ घ्यायचा तरी कसा?

७ फेब्रु.

यमी. साडेचार वर्षांची, वेण्या नेहमी वाकड्या. बोलत नाही जवळजवळ. तिची आत्या सोडून जाते. गोदाआत्या, तुळशीरामजींची विधवा बहीण. आई "आजारी". कशानं आजारी ते आत्या सांगत नाही, पदर सारखा करते आणि निघून जाते.

तर आज यमीनं पहिल्यांदा स्वतः काम निवडलं. कडीची फळी!! चटई आणली, पसरली, बसली. खिटी काढ, घाल. काढ, घाल. बाकीची पोरं गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा पाडून खिदळून राहिली होती, हिनं मान वर केली नाही. हेच ते. कोर्सच्या बाई सांगायच्या, मूल कामात बुडालं की मधे जायचं नाही, शाबास पण म्हणायचं नाही. मी पदर तोंडात कोंबून बसले.

१० फेब्रु.

परत फळीच. मनोरा नाही, रंगाच्या पट्ट्या नाहीत, काही नाही. अकोल्याला बाबांना लिहिलं होतं, उत्तर आलं: "वकिलाची मुलगी कड्या उघडायला शिकवते, म्हणजे माझा धंदा चालणार." बाबांचं आपलं काहीतरी.

नवीन धडे. स्टूल उचलून आवाज न करता ठेवणं. जमिनीवरच्या चुन्याच्या रेघेवरून हातात घंटी धरून चालणं, घंटी वाजता कामा नये. बाकी पोरांची वाजते. यमीची नाही. मांजरच.

१३ फेब्रु.

यमी बोलली! पूर्ण वाक्य!

"बाई, हे काहून वाजत नाई?"

मी म्हटलं, कडीला तेल लावलंय ना.

"आमच्या घरची वाजते."

मला इतका आनंद झाला की बाहुलीच्या शिशीत गोडं तेल घालून दिलं तिला. घरी ने, म्हटलं, लाव. शाळेतलं घरी पोचतंय, आणखी काय पाहिजे? शिशी मुठीत घट्ट धरून गेली.

१७ फेब्रु.

आता फळी आडवी नको म्हणते. "उभी करा. दारासारखी." भिंतीला खिळे मारून उभी केली. वरची साखळी तिच्या हाताला येईना. मी उठणार तेवढ्यात स्वतःच स्टूल आणलं, ठेवलं (आवाज शून्य), चढली, टाचा वर केल्या, साखळी काढली. परत लावली. उतरली, स्टूल जागेवर. परत आणलं. घाम आला पोरीला, थांबेना.

चालणं, स्टूल, कडी. तिन्ही धडे तिनं आपले आपण जोडले. कुणी शिकवलं नाही! हे लिहून कोर्सला पाठवायलाच पाहिजे.

२१ फेब्रु.

नाही पाठवणार.

आज साखळी काढल्यावर यमी स्टुलावरच उभी राहिली, फळीला गाल लावून. मी मागे होते हे तिला माहीत नव्हतं. हळूच म्हणाली, "आई, ये."

फळीमागे भिंत. भिंतीशी बोलत होती.

आत्या न्यायला आली तेव्हा धरलंच तिला. आधी "काई नाई जी, काई नाई". मग ओट्यावर बसली.

"दिवाळीत बाळंत झाली. पोरगं जगलं नाई. तवापासून वयनीचं डोकं ठिकान्यावर नाई. दार उघडं रायलं का सरळ विहिरीकडं जाते. दोनदा धरून आनली बापा, एकदा तं पाय काठाच्या आत. मंग भाऊनं भायेरून कडी लावली. आमाले हौस हाय काय?"

वर म्हणते, "तुमी इंग्रजी शिकल्या, तुमीच सांगा दुसरं काय करावं."

२२ फेब्रु.

खरं सांगून राहिली का आत्या? का बाईला कोंडायला बरी गोष्ट? सुशिक्षित लोक पण कोंडतात, अकोल्यालाच ऐकलंय. पण खरं असलं तर? आणि तेल मी दिलंय. स्टूल उचलायला मी शिकवलंय.

फळी कपाटात टाकली. यमी रडली नाही. रिकाम्या खिळ्यांसमोर स्टूल ठेवून चढली आणि हवेतच बोटं फिरवत बसली, काढ, लाव. ते फळीपेक्षा वाईट दिसत होतं. परत टांगली.

२७ फेब्रु.

शेवटी मी वाडीतल्या घरी गेले. तुळशीरामजी बाजारात, आत्या वांगी तोडत होती. "पाहून घ्या तुमीच," म्हणाली. मागची खोली, दाराच्या दोन फळ्यांत बोटभर फट. साखळी वर चौकटीला. तेलाचे ओघळ दारावर, अगदी खालपर्यंत. म्हणजे फेकून फेकून लावलंय पोरीनं. आत्याला दिसलं नाही का? का दिसून गप्प?

आतून आवाज आला, साधा, नुकतीच भाकरी करून उठलेल्या बाईचा.

"तुमी शाळेच्या बाई ना? यमीचा भांग वाकडा काहून पाडता?"

मी नाही पाडत, आत्या पाडतात, असं काहीतरी बोलले. बावळटासारखी.

"तिले रोज या फटीतून पायतो मी. स्टूल स्टूल करून रायली. स्टूल आनतो म्हने."

मी म्हटलं, मी आत्ता काढू का कडी? खरंच म्हटलं. हात वर गेला होता.

मग:

"नका काढू जी. आदी त्या विहिरीवर झाकन घालाले सांगा. मंग काढा."

मी विचारलं, म्हणजे तुम्ही खरंच...

"मले मालूम नाई ना. सकाळी वाटते मी चांगली हाव. दुपारी लेकरू रडल्याचा आवाज येते, त्या तिकडून. तुमाले येते का?"

मोटेचं चाक कुरकुरत होतं.

१ मार्च

तुळशीरामजींशी बोलले. घाबरत घाबरत, उद्या खोली खाली करा म्हणाले तर बालमंदिर संपलं. चिडले नाहीत. ते जास्त कठीण गेलं.

"विहीर झाकू? मंग मोट कायच्यात सोडू, मास्तरीनबाई? वाडी वाळून जाईन."

मोटेपुरती जागा ठेवून बाकीवर फळ्या टाका, म्हटलं. हे त्यांनीच मागितलंय.

"कोनं?"

"यमीच्या आईनं."

खाली बघत राहिले. "माह्याशी तं बोलत नाई ते." मग म्हणाले, "पायतो. होळी होऊन जाऊ द्या, सुताराले सांगतो."

स्टुलाचं सांगणार होते, तेलाचं पण. तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर दाराला कुलूप बसेल, किल्ली त्यांच्या करगोट्याला. पोरगी मार खाईल आणि शाळा तुटेल ते वेगळंच. फळ्या पडल्या की सांगीन. होळीपर्यंतच तर.

६ मार्च

शांततेचा खेळ. डोळे मिटून बसायचं, मी बाहेरून एकेकाचं नाव कुजबुजणार, ज्याचं नाव त्यानं आवाज न करता उठून यायचं. मोट चालूच होती, पण आज जमलं. सगळी आली. यमीचं नाव शेवटी घेतलं. ती कधी उठली ते कळलंच नाही, एकदम माझ्या पदराशी उभी. दचकले. तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत होती.

१० मार्च

यमीला जवळ घेतलं. म्हटलं, आईचं दार बाबा उघडतील, आधी विहिरीवर झाकण बसणार आहे, तोवर तू नाही उघडायचं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईले अंधारात भेव लागते." आणि फळीकडे गेली.

मधे जायचं नाही. किती सोपं वाटायचं मद्रासला. तिथल्या पोरांच्या घरी विहिरी नसतील का?

आत्याला उद्या सांगायचं. नक्की.

११ मार्च

आत्या आली नाही, यमी एकटीच आली नि गेली. आत्याला ताप म्हणे. मी जाणार होते वाडीत, तर पालक भेटायला आले. परवा होळी, आता सुट्टी.

१५ मार्च

शाळेतच लिहिते आहे, पेन्सिलनं. पोरं कामात आहेत.

सकाळी कुलूप काढलं तर एक स्टूल कमी. सुट्टीच्या आधी यमीनं नेलं असणार. त्या दिवशी मी मोजलीच नाहीत. लगेच वाडीत पळणार तर समोरून यमी आली. एकटी, हात रिकामे. भांग सरळ. आत्या पाडते तसा नाही.

आत गेली ती थेट फळीपाशी. स्टूल नाही घेतलं. मला म्हणाली, "काढून द्या." काढून दिली. बाळासारखी दोन्ही हातांनी छातीशी धरून कपाटापर्यंत नेली, खालच्या खणात ठेवली, दार लोटलं. मग गुलाबी मनोरा घेतला. पहिल्यांदाच. हसली पण, झोप पूर्ण झालेलं मूल हसतं तशी.

कोर्सच्या बाई हेच सांगायच्या. गरज संपली की मूल काम आपलं आपण ठेवून देतं.

"यमे, आई कुठे आहे?"

तोंडावर बोट. "शूऽऽ."

तेव्हा लक्षात आलं. मोट वाजत नाही. सकाळपासून एकदाही नाही. पोरांच्या श्वासाचा आवाज येतोय, इतकं शांत.

काल संध्याकाळी सुताराची गाडी या रस्त्यानं गेली होती, फळ्या होत्या त्यावर. कोणाकडे गेली ते मी पाहिलं नाही. फळ्या टाकताना मोट बंदच ठेवतील ना? ठेवतील. बैल सोडलेले दिसतात खिडकीतून, चिंचेखाली. विहिरीपाशी माणसं आहेत. पाठमोरी. वाकलेली.

यमीनं मनोऱ्याचा शेवटचा ठोकळा ठेवला.

मोठ्या पोरीला सांगते यांच्याजवळ बस म्हणून, आणि जाते.